सतरावा भाग नापास

शरदराव वडनेरकर कुठल्याही गोष्टीला एका दमात चांगलं म्हणत नसत. चहा असो, भाजी असो, पोराचं प्रगतिपुस्तक असो, आधी ते ती चीज उजेडाकडे धरणार, मग चष्मा कपाळावर चढवून जवळून बघणार आणि मग काय तो निकाल देणार. यात त्यांचा दोष निम्माच होता. उरलेला निम्मा देवासच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्या कारखान्याचा, जिथे त्यांनी अठ्ठावीस वर्षं गिअर तपासण्यात घालवली.

तपासणीची त्यांची एक पद्धत होती आणि तिचा त्यांना भारी अभिमान. प्रत्येक लॉटबरोबर एक कार्ड येई, त्यावर माल करणाऱ्या कारागिराचं नाव. शरदराव आधी कार्ड दुमडून नाव झाकत आणि मगच मापाला हात घालत. नाव दिसलं की नजर मऊ पडते, असं त्यांचं म्हणणं. या पद्धतीपायी त्यांनी कारखान्यातल्याच, शेजारी राहणाऱ्या उमाशंकर तिवारींचा आख्खा लॉट ऐन दिवाळीच्या तोंडावर नापास केला होता. उमाशंकर दोन महिने बोलले नाहीत. तिसऱ्या महिन्यात आपण होऊन आले आणि माल खराबच होता असं कबूल करून गेले. तेव्हापासून दोघांची दोस्ती.

आता कारखाना सुटला होता. बायको प्रेमला सत्त्याण्णव साली गेली. एकुलता एक मुलगा विपुल नव्व्याण्णवमध्ये मुंबईला गेला, टीव्हीसाठी लिहायचं म्हणून. दोन हजार एकमध्ये कंपनीने माणसं कमी करायला घेतली, तेव्हा शरदरावांनीही कागदावर सही केली आणि घरी येऊन बसले. घरात तपासण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. दूधवाल्याचं दूध बघून झालं, पेपरातल्या चुकांवर तांबड्या पेनने खुणा करून झाल्या, तरी घड्याळात दहाच वाजलेले असत. पुढचा दिवस आ वासून समोर.

आठवड्यात एकच गोष्ट अशी होती जिच्या भरवशावर बाकीचे दिवस निघत. रविवारी सकाळी नऊ वाजता विपुलचा फोन येई. शरदराव पावणेनऊपासूनच आंघोळ उरकून, शर्टाची सगळी बटणं लावून खुर्चीत बसलेले. फोन मात्र चौथ्या घंटेवर उचलत, वाट बघत बसलो होतो असं कळू नये म्हणून. स्वतःहून त्यांनी मुंबईला कधी फोन लावला नाही. पोरगं कामात असतं, हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण हे की आपण लावावा आणि त्याने ‘बाबा, नंतर बोलतो’ म्हणावं, एवढं ऐकून घ्यायची त्यांची छाती नव्हती.

दोन हजार तीनच्या सुरुवातीला विपुलने बातमी दिली. ‘लिफ्ट बंद है’ नावाची हिंदी विनोदी मालिका येतेय, दर मंगळवारी साडेआठला, सव्वीस भाग. एका इमारतीची लिफ्ट कायम बंद आणि त्यामुळे जिन्यात एकमेकांना धडकणाऱ्या बिऱ्हाडांच्या गमती, असा सगळा मामला. तिघं जण आळीपाळीने लिहिणार होते, त्यांतला एक विपुल. माझे भाग कुठले ते सांगतो, लिहून घ्या, असं तो मोठ्या हौसेने म्हणाला.

“सांगू नकोस,” शरदराव म्हणाले. “मी सगळे बघतो आणि शेवटी रिपोर्ट पाठवतो.”

“बाबा, मी काय लॉट आहे का?”

“तू नाहीस. भाग आहेत.”

विपुल हसला, पण मघाची हौस त्या हसण्यात नव्हती. शरदरावांच्या ते ध्यानात आलं नाही. दुसरा बाप असता तर मुलाचं नाव पडद्यावर दिसावं म्हणून देव पाण्यात घालून बसला असता. हे गृहस्थ ते दिसू नये म्हणून शेवटच्या पाट्या यायच्या आत टीव्ही बंद करून मोकळे व्हायचे.

दर मंगळवारी उमाशंकर येऊन बसत, कारण त्यांच्या घरचा टीव्ही सुनांच्या रडक्या मालिकांना वाहिलेला होता. पहिले चार भाग झकास निघाले. सोसायटीचा चिकट सेक्रेटरी, जिन्याच्या पायऱ्यांवर शिकवणी घेणारी मास्तरीण, फ्रीज चढवताना तिसऱ्या मजल्यावर अडकलेले आणि तिथेच दुपारची झोप काढणारे दोन हमाल. उमाशंकर हसून हसून आडवे झाले. शरदरावांनी चारही पास केले.

पाचव्यापासून घसरगुंडी. सहाव्यात भूत आलं. आठव्यात सेक्रेटरीचा जुळा भाऊ आला, म्हणजे लिहिणाऱ्याचं डोकं चालेनासं झाल्याची उघड खूण. नवव्यात मास्तरीण बदलली. तीच साडी, तोच चष्मा, आत बाई वेगळी, आणि इमारतीतल्या एकालाही त्याचं काही वाटलं नाही. दहावा एकदम सुरेख, अकरावा बघवेना. होळीचा भाग होळीनंतर तीन आठवड्यांनी दाखवला. लग्नाचा एक भाग ओढूनताणून दोन केला. हसण्याचा आवाज तर असा कुठेही टाकलेला की कोणी नुसतं दार उघडलं तरी शंभर माणसं खदखदायची. शरदराव वहीत सगळं टिपून ठेवत. कारखाना एक आणि माल एकदा असा, एकदा तसा, म्हणजे यंत्र ठीक आहे, हात वेगवेगळे आहेत, असा त्यांचा निष्कर्ष. यात विपुलचा हात कुठला हा प्रश्न आपण मनातही आणत नाही, असा त्यांचा दावा होता. चांगला भाग संपला की मात्र ते उमाशंकरांना आग्रहाने दुसरा कप चहा देत.

एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी सतरावा भाग लागला.

त्यात एक नवा माणूस होता. कारखान्यातून निवृत्त झालेला, सहाव्या मजल्यावर एकटा राहणारा. लिफ्ट बंद, त्यामुळे त्याच्याकडे कोणी चढून येत नाही. येतो तो फक्त लिफ्टचा मेकॅनिक, दर आठवड्याला. म्हातारा त्याला बसवून घेतो, चहा पाजतो, घरचं काय काय विचारतो. शेवटी लिफ्ट नीट होते, सगळी इमारत टाळ्या वाजवते, मेकॅनिक रामराम करून निघून जातो. मग दुपारच्या वेळी जिन्यात कोणी नाही असं बघून म्हातारा मशीनच्या खोलीत शिरतो, फ्यूज काढतो, शर्टाच्या खिशात घालतो आणि घरी येऊन चहाचं आधण ठेवतो. सोळा भाग लिफ्ट का बंद होती ते बघणाऱ्याला तिथे कळतं. त्या जागी हसण्याचा आवाज नव्हता.

शरदरावांची कानशिलं तापली. हातातलं पेन तसंच राहिलं.

“भिया, आज हँसी तो नी आई,” उठता उठता उमाशंकर म्हणाले. “पर आदमी सच्चा था.”

आदमी किती सच्चा होता हे शरदरावांइतकं कोणाला ठाऊक असणार? देवासमध्ये उन्हाळ्यात नळ चार दिवसांनी येतो, तोही अर्धा तास. तेवढ्या वेळात मोटर चालली नाही तर टाकी कोरडी, आणि टाकी कोरडी म्हणजे घर सोडून कोणी कुठे जाऊ शकत नाही. नव्व्याण्णवच्या मे महिन्यात विपुल मुंबईला निघाला, तर आदल्या दिवशी मोटर बंद. पोराने तिकीट रद्द केलं आणि शेजारून बादल्या आणून घर भरलं. दोन दिवसांनी, दुरुस्तीचं बरंच नाटक करून, शरदरावांनी ती चालू केली. पंधरा दिवसांनी पुन्हा निघायचं ठरलं आणि पुन्हा मोटर बंद. मोटरला काही झालं नव्हतं. तिचा फ्यूज दोन्ही वेळा शरदरावांच्या खिशात होता. तिसऱ्यांदा त्यांना स्वतःचीच लाज वाटली, त्यांनी काही केलं नाही आणि विपुल गेला. जाऊ नकोस, एवढं मात्र त्यांनी तोंडाने एकदाही म्हटलं नाही.

ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नव्हती, आणि विपुलला यंत्रातलं ओ की ठो कळत नाही असा त्यांचा पक्का समज होता. तेव्हा हा योगायोग. मुंबईत कोणाला तरी सुचलं असेल. असं त्यांनी स्वतःला चार वेळा बजावलं, तरी ते पटेना. त्यांनी वही पुढे ओढली आणि अठ्ठावीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. माल न मोजता निकाल लिहिला. “भाग सतरावा. हसू नाही. फ्यूज गेलेला कुठलाही मेकॅनिक दोन मिनिटांत शोधेल. पात्र खोटे. ज्याने जन्म कारखान्यात काढला तो चालते यंत्र बंद पाडणार नाही. कोणाला थांबवायचे असेल तर माणूस तसे सांगतो. असा माणूस नसतो. नापास.”

जुलैत मालिका संपली. शरदरावांनी सव्वीस भागांचा रिपोर्ट स्वच्छ कागदावर उतरवला. विपुल हिंदी शाळेत शिकलेला, मराठी वाचताना अडखळायचा, म्हणून अक्षर मुद्दाम मोठं आणि सुटं काढलं. सतराव्या भागापाशी हात जरा घुटमळला, पण वहीत होतं तसंच त्यांनी उतरवलं, आणि पाकीट रजिस्टरने पाठवून दिलं.

त्या रविवारी फोन आला. पाकीट पोचलं नव्हतं. पुढच्या रविवारी आला नाही.

शूटिंगला बाहेरगावी गेला असेल, म्हणून त्यांनी तो आठवडा काढला. मग आणखी एक रविवार कोरडा गेला. मग आणखी एक. शरदराव साडेआठपासून बसू लागले. दहा वाजता रिसीव्हर उचलून टोन आहे ना ते बघत, आणि तेवढ्यात लागला असेल तर, म्हणून घाईने परत ठेवत. चौथ्या आठवड्यात त्यांनी टेलिफोन खात्यात तक्रार नोंदवली. फत्तेसिंग नावाचा लाइनमन आला, त्याने खांबापासून घरापर्यंतची तार बघितली. शरदरावांनी त्याला बसवून घेतलं, चहा दिला, गाव कुठलं, मुलं किती, सगळं विचारलं.

“फोन तो एकदम ठीक है, बाबूजी,” कप खाली ठेवत फत्तेसिंग म्हणाला. “सामने वाला लगा नी रिया होगा.”

पलीकडचाच लावत नाही, एवढं सांगून तो गेल्यावर शरदराव दोन रिकाम्या कपांसमोर बसून राहिले. आपण आत्ता काय केलं हे त्यांच्या लख्ख ध्यानात आलं. फोन तीन हातांवर होता. नंबर तोंडपाठ होता. पण लावला तर सतराव्या भागाबद्दल बोलावं लागणार, आणि त्याबद्दल बोलायचं तर एक तर पुन्हा खोटं, नाहीतर खरं. त्यांनी कप विसळले. ऑगस्ट संपला, गणपती आले आणि गेले. दीड दिवसाच्या त्या गणपतीची आरती त्यांनी एकट्याने म्हटली. टाळ्या कमी पडतात म्हणून मधेच थांबायची पाळी आली.

सप्टेंबरात ते धारला गेले. नवऱ्याआधी गेलेल्या बाईच्या नावाने पितृपक्षातल्या नवमीला सवाष्ण जेवू घालतात. प्रेमलेचं ते सगळं तिची थोरली बहीण प्रमोदिनी, म्हणजे अक्का, आपल्या घरी करीत. पोतनीस घराणं एके काळी धार संस्थानच्या चाकरीत होतं. आता त्या घरात अक्का एकट्याच. लग्न केलं नाही, चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, आणि समोरचा माणूस उत्तर चोरतोय हे त्यांना अजून लांबून ओळखू येई. विपुल दर नवमीला धारला फोन करून आईच्या फोटोला नमस्कार सांगायला लावी. त्यामुळे शरदराव सकाळपासून कान त्या फोनकडे लावून होते. फोन वाजला नाही. सवाष्ण जेवली, ओटी घेऊन गेली. अक्कांनी मागचं आवरलं आणि त्यांच्यासमोर येऊन बसल्या.

“शरदराव, विपुलच्या सतराव्या भागाला तुम्ही काय लिहिलंत?”

विपुलच्या. इतके दिवस जो शब्द त्यांनी मनाच्या दारात उभा करून ठेवला होता, तो अक्कांनी सहज आत आणून बसवला. हसू नव्हतं, असं काहीतरी शरदराव पुटपुटले.

अक्कांनी त्यांना सगळं सांगितलं, आवाज न चढवता. मार्चमध्ये विपुलने फोन करून तो आख्खा भाग त्यांना वाचून दाखवला होता. बाबांना राग येईल का, असं विचारलं होतं. येईल आणि उतरेल, असं त्या म्हणाल्या होत्या. मोटरीचं त्याला तेव्हाच कळलं होतं. बाबांचा शर्ट धुवायला टाकताना खिशात फ्यूज हाताला लागला, त्याने तो होता तिथेच परत ठेवला आणि गप्प राहिला. मुंबईत पहिलं वर्ष फार वाईट गेलं. काम नाही, राहायला धड जागा नाही. त्या दिवसांत एकच गोष्ट आपण पुन्हा पुन्हा आठवत होतो, असं त्याने मावशीला सांगितलं होतं. आपल्याला थांबवायला कोणीतरी एवढं केलं होतं. हे बाबांना तोंडावर सांगायला जमत नव्हतं, म्हणून त्याने ते मालिकेत लिहिलं. मग रिपोर्ट आला, तोही त्याने मावशीला फोनवर वाचून दाखवला होता.

“आणि तुम्ही त्याला लेखी कळवलंत की असा माणूस नसतो,” अक्का म्हणाल्या.

शरदरावांना मान वर करवेना. आयुष्यभर ज्या एका सचोटीच्या जोरावर ते ताठ चालले, ती त्यांनी नेमकी स्वतःच्या मुलापाशी गहाण टाकली होती. नाव झाकलेलं होतं, ही पळवाट उरली नव्हती. तो भाग कोणाचा हे त्यांना त्या मंगळवारीच कळलं होतं, आणि कळलं होतं म्हणूनच तो नापास झाला होता.

“अक्का, मी खोटं लिहिलं.”

“मला सांगून काय उपयोग?” अक्का म्हणाल्या आणि उठून आत गेल्या. जाताना त्यांनी मधलं दार लावून घेतलं.

फोन कोनाड्यात होता. शरदरावांनी नंबर फिरवला. दोन वेळा बोट चुकलं. तिसऱ्यांदा लागला आणि दुसऱ्याच घंटेला उचलला गेला.

“विपुल, मी बाबा.”

“काय झालं?” विपुलचा आवाज एकदम घाबरा झाला. “मावशी बरी आहे ना?”

बापाने आपण होऊन फोन केला म्हणजे कोणीतरी गेलं असणार, एवढीच या पोराला आपली ओळख. शरदरावांना ते फार लागलं. सगळे बरे आहेत, असं त्यांनी सांगितलं. आणि मग, थांबलो तर पुन्हा बोलणार नाही हे ठाऊक असल्याने, एका श्वासात बोलून टाकलं. “सतरावा भाग मी खोटा नापास केला. तो माणूस खरा आहे. मोटरीचा फ्यूज मीच काढला होता. दोन्ही वेळा.”

विपुल हळू बोलला. “रिपोर्ट वाचून मला वाटलं, मलाच चुकीचं आठवतंय. म्हणजे मी तेव्हा एकटा पडलो होतो, तर मनानेच काहीतरी रचलं असेल. मला थांबवायला असं कोणी केलंच नसेल.”

“केलं होतं. तू बरोबर लिहिलंस.”

विपुलने नाक ओढल्याचं ऐकू आलं. शरदराव रिसीव्हर कानाला घट्ट धरून उभे होते.

“घरी या,” असं त्यांच्या तोंडून निघालं, परक्या माणसाशी बोलावं तसं. मग त्यांनी ते दुरुस्त केलं. “घरी ये.”

“का? काही बिघडलंय का तिकडे?”

मोटर, टाकी, छपराची गळती, स्वतःची तब्येत, सगळं शरदरावांच्या जिभेवर येऊन गेलं.

“काही नाही बिघडलं. सगळं नीट चालू आहे,” ते म्हणाले. “तरी ये. मला एकट्याने करमत नाही.”

विपुलने विचारलं तेव्हा आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. “बाबा, तेव्हा एवढंच का नाही म्हणालात? मी गेलोच नसतो.”

“तेव्हा जमलं नाही रे,” शरदराव म्हणाले.